गादी सोडलेल्या राजाचा माल: एडवर्ड आठव्याचं काय घ्यावं, काय सोडावं

राज्याभिषेकाचे मग, टपाल तिकिटं, मधे भोक असलेली आफ्रिकेची नाणी आणि कच्छ संस्थानचं ‘कोरी’ हे चांदीचं नाणं. ब्रिटनच्या एडवर्ड आठव्याच्या नावाने बाजारात जे काही फिरतं, त्यातल्या सामान्य खिशाला परवडणाऱ्या गोष्टी एवढ्याच. निकाल आधीच सांगून टाकतो: एकच वस्तू घ्यायची असेल तर कच्छची 5 कोरी (5 कोरी किमतीचं एकच नाणं) घ्या. तिकिटं स्वस्तात मिळाली तर घ्यायला हरकत नाही. मग आवडला तर घ्या, पण गुंतवणूक म्हणून नको. आणि या राजाचा चेहरा असलेला ‘रुपया’ कुणी पुढे केला तर नमस्कार करून पुढे चला.

आता कारणं.

हा राजा 20 जानेवारी 1936 ला गादीवर आला. वॉलिस सिम्प्सन या, दुसरा घटस्फोट होऊ घातलेल्या अमेरिकन बाईंशी लग्न करायचं ठरवलं, मंत्रिमंडळाने ते मान्य केलं नाही, आणि 10 डिसेंबरला फोर्ट बेल्व्हेडियर इथे तीन भावांच्या साक्षीने त्याने राजत्यागाच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी, 11 डिसेंबरला, पार्लमेंटने कायदा केला आणि राजा बदलला. एकूण 326 दिवस. राज्याभिषेक झालाच नाही. त्यासाठी ठरलेली 12 मे 1937 ही तारीख तशीच ठेवून धाकट्या भावाला, सहाव्या जॉर्जला, मुकुट घातला गेला.

‘वर्षभरही न टिकलेला राजा, म्हणजे माल दुर्मिळ’ असं विक्रेते सांगतात आणि नवखे लोक मानतात. हे अर्धंच खरं. सही झाली त्या दिवशी कुठली वस्तू कारखान्यात कुठवर आली होती, यावर तिची आजची किंमत ठरते. जी आधीच विकली गेली होती ती आज ढिगाने मिळते. जी साच्यापर्यंत येऊन थांबली तिला हात लावायची सोय नाही. मधल्या पट्ट्यात फार थोडं आहे, आणि आपल्या कामाचं नेमकं तेच.

मगापासून सुरुवात करू, कारण परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना जुन्या बाजारात सर्वांत आधी हाच दिसतो. मातीकाम हा सावकाश चालणारा धंदा. नक्षी काढायची, तिचे छाप तयार करायचे, भांडी भाजायची, छाप उठवायचा, चकाकी देऊन पुन्हा भाजायचं, दुकानांपर्यंत पोचवायचं. मे 1937 च्या सोहळ्यासाठी माल हवा तर 1936 च्या मध्यापासून भट्ट्या लागायला हव्यात, आणि तशा त्या लागल्या. राजाने गादी सोडली तेव्हा ‘12 मे 1937’ अशी कधीच न उजाडलेली तारीख छापलेले मग, बश्या, डबे, कप भरमसाट तयार होते. ते कुणी फोडून टाकले नाहीत. उलट ‘असा राजा पुन्हा नाही’ म्हणून लोकांनी ते घेऊन जपून ठेवले. म्हणून हा मग आज दुर्मिळ नाही. राजत्यागाची तारीख मुद्दाम घालून काढलेले मग त्यामानाने कमी दिसतात. दोन्ही समोर असतील तर तो उचलावा.

नामवंतांची डिझाइनं मात्र वेगळी. वेजवुडसाठी एरिक रॅव्हिलिअसने काढलेला एडवर्डचा मग मागे घेतला गेला, तीच नक्षी थोडी बदलून सहाव्या जॉर्जसाठी वापरली, आणि 1953 मध्ये एलिझाबेथच्या राज्याभिषेकालाही तीच पुन्हा कामी आली. लॉरा नाइटच्या मगाचंही तेच: आधी एडवर्डसाठी, मग नाव-अक्षरं बदलून भावासाठी. या दोन नावांचे एडवर्डवाले नग खरे असतील तर चांगला भाव घेतात. पण इथेच फसगत होते: तीच नक्षी असलेला भावाचा मग एडवर्डचा म्हणून विकला जातो. नक्षी पाहू नका, राजाचं अक्षर पाहा.

मग विकत घेताना तीन गोष्टी. टेबलावर ठेवून कडेला नखाने टिचकी मारा. धातूसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर अंगात तडा नाही, ‘ठक्’ असा बसका आवाज आला तर कुठेतरी भेग आहे. कानाच्या, म्हणजे मुठीच्या, दोन्ही सांध्यांवर अतिनील टॉर्च मारा. चिकटवलेला भाग वेगळ्या रंगात चमकतो. चकाकीत जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर घाबरायचं कारण नाही, जुन्या मातीच्या भांड्याला त्या येतात; पण त्या रेषा तपकिरी झाल्या असतील तर चहा किंवा दमट हवा आत मुरली आहे आणि तो डाग जात नाही. परदेशातून मागवत असाल तर एक सल्ला: मगाच्या आत कागद ठासून भरायला सांगा.

टपाल तिकिटांचं प्रकरण आणखी मजेचं, कारण त्यांवर राजाचा चेहरा आहे आणि तरीही ती वेळेत निघाली. का? कारण ती कोरीव ठशाने छापली नाहीत. फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे छायाचित्रावरून थेट, छापली. अर्धा पेनी हिरवं, दीड पेनी लालसर तपकिरी आणि अडीच पेनी निळं 1 सप्टेंबर 1936 ला आलं, एक पेनी लाल त्याच महिन्यात दोन आठवड्यांनी. चारच किमती. साधं रूप: डोकं, मुकुट, किंमत, बस्स. छपाई अफाट झाली, म्हणून पूर्ण संच आजही चहा-वड्याच्या पैशात मिळायला हरकत नाही. कुणी ‘ॲब्डिकेशन रेअर सेट’ म्हणून हजारात सांगत असेल तर हसून सोडून द्या.

खरं तिकीट ओळखायला मागून बघायचं. काळ्या थाळीत उपडं ठेवून वर बेंझिनचे दोन थेंब टाकले की जलचिन्ह उठतं: मुकुट आणि त्याखाली ‘ई 8 आर’. (खिडक्या उघड्या ठेवा, जवळ काडी ओढू नका.) न वापरलेल्या तिकिटाचा डिंक मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अल्बमच्या पानाला चिकटतो आणि मग ते तिकीट मेलंच, म्हणून डिंकवाला संच घेऊन दमट घरात ठेवण्यापेक्षा शिक्का पडलेला स्वच्छ संच घ्यावा. शिक्क्यावर 11 डिसेंबर 1936 ही तारीख असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, मात्र भारी लखोटा असेल तर तारखेचा शिक्का नंतर मारलेला नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्यावं. हिंदुस्थानच्या टपालात या राजाचं तिकीट निघालंच नाही. पाचव्या जॉर्जची चालू होती तीच 1937 मध्ये सहाव्या जॉर्जची येईपर्यंत खपवली.

आता नाण्यांकडे. चेहऱ्याच्या नाण्याला छायाचित्राची घाई चालत नाही. आधी मोठा प्लास्टरचा नमुना, मग तो यंत्राने लहान करून पोलादी ठसा, मग त्या ठशाला पाणी देणं, चाचणी, मंजुरी. लंडनच्या टांकसाळीत हंफ्री पॅजेटने राजाचं डोकं तयार केलं, आणि त्यात राजानेच एक वाकडं घातलं. ब्रिटिश नाण्यांवर प्रत्येक नवा राजा मागच्याच्या उलट दिशेला बघतो अशी रीत. पाचवा जॉर्ज डावीकडे बघत होता, म्हणजे एडवर्डने उजवीकडे बघायचं. त्याला डावी बाजू बरी दिसते असं वाटत होतं, भांग त्या बाजूला होता, म्हणून तोही डावीकडे. पुढे सहावा जॉर्ज आला तेव्हा टांकसाळीने एडवर्ड जणू उजवीकडेच बघत होता असं धरलं आणि जॉर्जलाही डावीकडे बसवलं. तीन राजे ओळीने डावीकडे. मधला नाण्यावर आलाच नाही म्हणून रीत कागदावर वाचली.

नमुन्याची नाणी 1937 सालाची पाडून तयार होती, पण चलनात यायच्या आतच राजा गेला. संपूर्ण नमुना-संच बोटांवर मोजण्याइतके. पितळी, बारा कोनांचा तीन पेनीचा तुकडा मात्र वेगळ्या वाटेने बाहेर पडला: नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या कारखानदारांना चाचणीसाठी काही नग पाठवले होते, त्यातले काही परत आले नाहीत. 1937 चा त्याचा सोन्याचा सॉव्हरिन 2020 मध्ये 10 लाख पौंडांना विकला गेला. एवढं माहीत असलं की फेसबुकवर 800 रुपयांत मिळणारा ‘एडवर्ड आठवा क्राउन’ काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. ते खासगी लोकांनी कितीतरी नंतर हौसेने पाडलेले तुकडे. चांदीचे असतील तर चांदीच्या भावाने घ्या, नाही तर पेपरवेट म्हणून.

चेहरा वेळेत आला नाही, पण नाव आलं. या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. ज्या नाण्यांवर मुळातच राजाचं डोकं नसायचं, फक्त नाव-पदवी, त्यांचे ठसे बदलायला थोडी अक्षरं पुरेशी होती. मधे भोक असलेल्या वसाहतींच्या नाण्यांवर डोक्याला जागाच नव्हती, म्हणून ती 1936 सालात रीतसर पडली आणि चलनात गेली: ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेची दशांश पेनी, अर्धा पेनी आणि पेनी, पूर्व आफ्रिकेची 5 आणि 10 सेंट, फिजीची पेनी, न्यू गिनीची पेनी. आफ्रिकेच्या नाण्यांच्या लॅटिन मजकुरात राजाच्या नावानंतर ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हा बिरुदाचा तुकडाही आहे. मोंबासाच्या बाजारात सुट्टे म्हणून फिरणाऱ्या तांब्याच्या तुकड्यावर हिंदुस्थानची बादशाही, आणि खुद्द हिंदुस्थानच्या रुपयावर हा राजा नाही! केनिया-युगांडात दुकानं टाकलेल्या गुजराती-कच्छी कुटुंबांच्या डब्यांतून ही नाणी इकडे आली, म्हणून मुंबईच्या नाणे-मेळ्यांत ती सहज दिसतात. आफ्रिकेच्या या नाण्यांवर बारीक ‘एच’ किंवा ‘केएन’ अक्षर असेल तर बर्मिंगहॅमच्या खासगी टांकसाळीचं, काहीच नसेल तर लंडनचं. शाळकरी मुलाच्या संग्रहाला सुरुवात करून द्यायला याहून बरं काही नाही. फक्त हिरवट बुरा धरलेलं ब्राँझ घेऊ नका. तो रोग शेजारच्या नाण्यालाही लागतो.

आता मुख्य माल.

कच्छ संस्थानची स्वतःची टांकसाळ भुजेत, स्वतःचं नाणं कोरी. 24 दोकड्यांची एक कोरी. महाराव खेंगारजी तिसरे 1870 च्या दशकाच्या मध्यापासून 1942 पर्यंत गादीवर होते, आणि त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंत पाच ब्रिटिश सत्ताधीश होऊन गेले. कच्छच्या नाण्याची पद्धत अशी: एका बाजूला फारसीत बादशहाचं नाव, भुजेच्या टांकसाळीचा उल्लेख आणि इसवी सन; दुसऱ्या बाजूला नागरी वळणाच्या अक्षरांत महारावांचं नाव, किंमत आणि विक्रम संवत, सोबत त्रिशूळ, चंद्रकोर आणि कट्यार. चेहरा कुणाचाच नाही. त्यामुळे लंडनमध्ये पॅजेट मातीचं डोकं घासत होता त्या महिन्यांत भुजेत एडवर्ड हश्तुमच्या, म्हणजे आठव्याच्या, नावाची चांदी पडून बाजारात खेळतही होती. जोधपूरनेही त्याच्या नावाने तांब्याचा पाव आणा पाडला, पण हातात घेतल्यावर कोरीचं काम उजवं वाटतं. अक्षरं भरीव, कडा नीट, चांदी दमदार.

तीन आकार लक्षात ठेवा. 5 कोरी: 13.87 ग्रॅम, 0.937 टंच. अडीच कोरी: तिच्या बरोबर निम्मी, 6.935 ग्रॅम, तोच टंच. एक कोरी: 4.7 ग्रॅम, पण टंच फक्त 0.601. म्हणजे 5 कोरीत शुद्ध चांदी 13 ग्रॅमच्या आसपास, एका कोरीत जेमतेम 2.8 ग्रॅम. तुलनेला ब्रिटिश हिंदुस्थानचा जुना रुपया घ्या: 11.66 ग्रॅम, त्यात चांदी सुमारे 10.7. अर्थात 5 कोरी रुपयापेक्षा भरगच्च आहे. भाव करताना हिशोब सोपा: त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव गुणिले 13, ही झाली तळाची किंमत. याच्या खाली कुणी देत असेल तर शंका घ्या. एडवर्डचं नाव म्हणून वर काही द्यावं लागतं, पण पाचव्या जॉर्जच्या तशाच कोरीच्या दुप्पट-तिप्पट सांगत असतील तर दुसरं दुकान बघा. एक कोरी लहान आणि हिणकस असल्याने झिजते लवकर, आणि झिजल्यावर नाव वाचता येत नाही. नाव वाचता येत नसेल तर ती एडवर्डची कशावरून?

इथे सगळ्यांत जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून.

1936 सालात तीन राजे होऊन गेले. जानेवारीत पाचवा जॉर्ज, डिसेंबरात सहावा, मधे एडवर्ड. सन बघून कोरी घेतली की घात झालाच म्हणून समजा; फारसी नाव वाचायलाच हवं. फारसी येत नसेल तरी चालेल, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, मोजता आले की पुरे. ‘जॉर्ज’ची सुरुवात जीमने, त्याच्या पोटात खाली एक नुक्ता. ‘एडवर्ड’ची सुरुवात अलिफने, म्हणजे उभी काठी. हा पहिला फरक. दुसरा क्रमांकात. ‘पंजुम’ म्हणजे पाचवा. त्यात पे हे अक्षर आहे, खाली तीन नुक्ते. ‘शशुम’ म्हणजे सहावा. दोन शीन, म्हणून वर तीन-तीन नुक्त्यांचे दोन झुपके. ‘हश्तुम’ म्हणजे आठवा. वर तीन आणि वर दोन, खाली एकही नाही. एवढं एका चिठोऱ्यावर काढून पाकिटात ठेवा. दहा पट भिंग पुरतं. ठसा झिजलेला असेल तर तीन नुक्ते मिळून एक फुगीर ठिपका दिसतो. अशा वेळी काठी आणि जीमच्या फरकावर भरवसा ठेवा. ‘हफ्तुम’ म्हणजे सातवा, तोही एडवर्डच, पण त्याचा काळ 1901 ते 1910, तेव्हा इसवी सनाने तो निराळा पडतो.

दुसऱ्या बाजूला संवत 1993 असलेला नग बघून काहींना वाटतं सन आणि संवत जुळत नाहीत. जुळतात. कच्छचं नवं वर्ष दिवाळीला नाही, आषाढी बीजेला लागतं. 1936 च्या आषाढापासून 1993 सुरू. मराठी वाचकाला शके आणि चैत्राची सवय, गुजरातीला कार्तिकाची. म्हणून दोघेही इथे अडखळतात.

खोटा माल कसा ओळखायचा. लोहचुंबक लावणं ठीक, पण त्याने काही सिद्ध होत नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. पाण्याची परीक्षा करा. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, ऑनलाइन कुठेही मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. कोरी बारीक दोऱ्याला फासाने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याचं आकारमान. खऱ्या 5 कोरीला तो 1.34 च्या आसपास यायला हवा. जर्मन सिल्व्हरचा त्याच वजनाचा तुकडा 1.6 च्या घरात जातो. एक कोरीसाठी आकडा 0.48. हवेचे बुडबुडे नाण्याला चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून आधी नाणं पाण्यात एकदा हलवून घ्या. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत. वजन 13.87 पेक्षा दहावीस मिलिग्रॅम कमी भरलं तर झीज. अर्धा ग्रॅम कमी भरलं तर कुणीतरी कानस मारली आहे किंवा नाणं ओतीव आहे.

ओतीव नाण्याची कड बघा. ठशाने पडलेल्या नाण्याची कड एकसंध, ओतीवाच्या कडेवर दोन साचे जुळल्याची पुसटशी रेघ, बहुधा घासून काढलेली. अक्षरांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर ती हवा अडकल्याची खूण. आणि कडेवर बाराच्या काट्याच्या जागी चांदीचा फुगवटा किंवा खरवड असेल तर समजायचं, नाण्याला नाकं जोडून माळेत घातलं होतं. कच्छ-सौराष्ट्रात कोऱ्यांचे दागिने घालायची चाल, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखीच. असा नग बनावट नव्हे, पण संग्रहात त्याची किंमत निम्म्यावर येते. विक्रेता हे सांगत नाही. कडेचा फोटो मागा. दोन्ही बाजू, कड, आणि काट्यावर ठेवलेलं नाणं, असे चार फोटो न देणाऱ्याकडून 5 कोरी घेऊ नये.

घरी आणल्यावर घासू नका. हे लिहावं लागतं, कारण घराघरात दसऱ्याला चांदी घासायची रीत आहे आणि कोरीही त्या ताटात जाते. लिंबू, चिंच, दंतमंजन, पितांबरी, रांगोळी, काहीही नको. काळपट निळसर झाक हे चांदीचं अंगरखं आहे. ते उतरवलं की जाणकार भाव पाडतो. चिकट घाण असेल तर ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं बुडवून, न पुसता, कापडावर उपडी टेकवून सुकवा. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांतून हिरवा चिकट थर सुटतो तो पीव्हीसीचा; त्यासाठीही ॲसिटोनच, आणि ती पाकिटं लगेच फेकून मायलरची घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी. पुडीतले मणी रंग बदलणारे असतील तर निळ्याचे गुलाबी झाले की बदला, पावसाळ्यात साधारण महिन्याला.

चेहऱ्याच्या रुपयाचं बोललो तेही संपवतो. ब्रिटिश हिंदुस्थानात या राजाचा एकही चलनी रुपया, आणा, पैसा निघाला नाही. बाजारात ‘एडवर्डचा रुपया’ म्हणून जो मिळतो तो 1903 ते 1910 चा, सातव्या एडवर्डचा: टक्कल, दाढी, मुकुट नसलेलं डोकं, उजवीकडे बघणारा. तो नातू नव्हे, आजोबा. आणखी एक घोटाळा महाराष्ट्रात विशेष होतो. 1921-22 मध्ये हा एडवर्ड युवराज म्हणून हिंदुस्थानात आला होता. 17 नोव्हेंबरला मुंबईत उतरला तेव्हा शहरात बहिष्कार आणि दंगल. दोनच दिवसांनी पुण्यात शाहू महाराजांच्या पुढाकाराने शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. त्या दौऱ्याची पदकं-बिल्ले जुन्या घरांतून निघतात आणि ‘किंग एडवर्ड’ म्हणून विकली जातात. युवराजाची पदकं म्हणून ती चांगली आहेत, भावही बेताचा. पण राजत्यागाच्या वस्तू त्या नव्हेत.

राजत्याग हाच विषय जमवायचा असेल तर मराठी संग्राहकाला लंडनला जायची गरजही नाही. इंदूरच्या होळकरांत सलग दोन राजांनी गादी सोडली. शिवाजीराव 1903 मध्ये, बारा वर्षांच्या मुलासाठी. तोच मुलगा तुकोजीराव तिसरे. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, दरबार सोडून गेलेल्या नर्तकी मुमताज बेगमचं हे प्रकरण दरबारापर्यंत पोचलं, आणि चौकशीला सामोरं जाण्याऐवजी 26 फेब्रुवारी 1926 ला त्यांनी गादी सोडली. पुढे 17 वर्षांचे यशवंतराव. या तिघांचीही चेहऱ्याची तिकिटं आहेत: शिवाजीराव, मग कोवळा तुकोजी, मग पुन्हा एक कोवळा चेहरा, यशवंतरावांचा. ती एका ओळीत लावली की दोन राजत्याग नुसत्या चेहऱ्यांवरून दिसतात. भाव मात्र राजत्यागाने वाढलेले नाहीत, कारण गादी सोडली तोवर त्यांच्या तिकिटांचे ताव कधीचेच विकून-वापरून झाले होते. मगासारखंच. होळकर तिकिटांत खरी अडचण डिंकाची आणि कुरतडलेल्या दातांची. इंग्रजी ‘सर्व्हिस’ छापलेली दरबारी तिकिटं घेताना तो शब्द नंतर मारलेला नाही ना, एवढं बघायचं.

वरच्या टोकाचं बोलायचं तर 1987 मध्ये जिनिव्हाला वॉलिसबाईंचे दागिने सुमारे 5 कोटी डॉलरना गेले, पैसे पॅरिसच्या पाश्चर संस्थेला. 1998 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या 1937 च्या लग्नातल्या केकचा डबीतला तुकडा 29,900 डॉलरना. त्या बाजाराचं परीक्षण आपण करण्यात अर्थ नाही.

कायद्याचा एक मुद्दा राहिला. पुरावस्तूंचा 1972 चा कायदा शंभर वर्षांच्या आणि त्यापुढच्या नाण्याला पुरावस्तू धरतो, आणि पुरावस्तू परदेशात नेता येत नाही. शिवाजीरावांच्या काळची तांब्याची नाणी त्यात केव्हाच गेली. 1936 ची कोरी अजून बाहेर आहे. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या भाच्याला भेट द्यायची असेल तर बिलावर ‘1936, कच्छ, 5 कोरी’ असं स्पष्ट लिहून घ्या, विमानतळावर सन दाखवायला ते उपयोगी पडतं. 2036 पासून ती सोय बंद.